फाटकावरचा आकडा

डॉक्टरांना माझा चेहरा माहीत होता की नाही, याची मला अजून शंका आहे. फरीदाबादला त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्याने राहिलो. पण बाजारात समोरून आले तर ते आधी खाली बघायचे, मग म्हणायचे, "अरे, वहिनी!" एकदा मी सुनेचे बूट घालून भाजी आणायला गेले होते. हा माणूस माझ्या शेजारी उभा राहिला, दुधी निवडला आणि निघून गेला. मी मागून हाक मारली तेव्हा ते दचकले. म्हणाले, "पाय झाकून फिरता, माणसाने ओळखायचं कसं?"

ते जनावरांचे डॉक्टर, परभणीकडचे. सरकारी नोकरीत बैल, म्हशी, घोडे सगळं केलं आणि निवृत्त झाल्यावर फक्त कुत्र्यांचे पाय घेतले. पाय म्हणजे तळवे. कुत्र्याला ताप आला, जंत झाले, तर ते दारातूनच दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता द्यायचे. तळवा फाटलेला, भाजलेला, काचेने चिरलेला असला की मात्र हातातला चहा ठेवून उठायचे.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चपला काढा."

आम्ही काढल्या. मराठी माणसाचं घर, चपला बाहेरच काढतात, त्यात काय एवढं. मग म्हणाले, "बसा आणि पाय वर करा."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हे केंद्र सरकारच्या कचेरीत फायली लावणारे दफ्तरी होते, तीस वर्षं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली, नुकतंच क्वार्टर सोडावं लागलेलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी पाय वर केले. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या टाचांकडे असे बघत बसले जसे लोक पेपर वाचतात.

"शेतात बारा-पंधरा वर्षं अनवाणी काम. डाव्या पायावर जोर. उजव्या टाचेत लहानपणी काटा मोडला, तो आतच राहिला. बरोबर?"

बरोबर होतं. बाभळीचा काटा होता. मी तेव्हा चौथीत होते. पाय पिकला, महिनाभर घरी बसले आणि शाळा सुटली ती सुटलीच.

"तुमचे पाय ऑफिसचे," ह्यांना म्हणाले, "पण चालेल. वर राहा."

आमच्या आधी बँकेतला एक साहेब घर बघून गेला होता. त्याला का दिलं नाही विचारलं, तर म्हणाले, "तळवे लोण्यासारखे. असा माणूस जिना बूट वाजवत चढतो."

परत जाताना हे म्हणाले, "वेडा आहे." मी म्हटलं, "असू दे. मोरी मोठी आहे."

डॉक्टरांची बायको पुण्याला मुलीकडे राहायची. "तिला कुत्री चालत नाहीत," असं ते सांगायचे. मला वाटतं तिला डॉक्टरच चालत नव्हते. शर्टाच्या खिशात कायम गूळ आणि शेंगदाणे. बोलता बोलता गुळाचा खडा तोंडात टाकायचे, दिवसाकाठी पावशेर तरी होत असेल. अंगावर इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीची पँट आणि खाली पाय उघडे. थंडीत फरीदाबादची फरशी बर्फासारखी होते, तेव्हाही उघडेच. आजारी पडले तरी माणसांच्या डॉक्टरकडे जायचे नाहीत. म्हणायचे, "त्यांचा पेशंट बोलतो. म्हणून ते बिघडलेत. बघायचं विसरलेत."

मला पहिला खरा धक्का बसला तो कुकरचा. आम्ही राहायला गेल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा ते माझा मोठा कुकर मागून न्यायचे आणि घासून परत द्यायचे. एकटा माणूस, एकदम बटाटे उकडून ठेवत असेल, असं मला वाटायचं. दोन वर्षं मला तसंच वाटत होतं. एक दिवस मी कढी द्यायला खाली गेले तर गॅसवर माझा कुकर, आणि डॉक्टर चिमट्याने त्याच्यातून एकेक वस्तू बाहेर काढतायत. कात्री. चिमटे. सुऱ्या. कुत्र्याच्या हाडात घालायची सळई.

"डॉक्टर, ह्या कुकरमध्ये मी वरण लावते."

"म्हणजे वरणाला धोका नाही, वहिनी. वीस मिनिटं वाफ देतो. जंतू सगळे मरतात. तुमच्या चमच्यांपेक्षा हे स्वच्छ आहे."

मी कढी तिथेच ठेवली आणि कुकर उचलून वर आले. रिंग नवी घातली, चार वेळा चिंचेने घासला. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी दोन वर्षं त्यातलं वरण मिटक्या मारत खाल्लं होतं, आता सांगून काय उपयोग. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी बाजारातून वेगळा कुकर आणायला लावला.

आता फाटकाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

मार्चअखेर ऊन तापायला लागलं की डॉक्टर रोज दुपारी दोनला घरातून बाहेर यायचे, हातात घड्याळ घ्यायचे आणि समोरच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी उभे राहायचे. पाय उचलावासा वाटेपर्यंत उभं राहायचं. मग आत येऊन काळ्या लोखंडी फाटकावर खडूने आकडा लिहायचा, तितके सेकंद. सगळ्या गल्लीला नियम ठाऊक होता. आकडा दहाच्या आत असेल तर कुत्रं बांधून ठेवा, रस्त्यावर नेऊ नका. कुणी नेलं तर डॉक्टर धावत जायचे. एकदा कोपऱ्यावरच्या बंगल्यातली बाई आपला गुबगुबीत विलायती कुत्रा घेऊन भर दुपारी निघाली. डॉक्टर तिच्यासमोर आडवे उभे राहिले.

"मैडम, सैंडल उतारिए."

"व्हॉट?"

"सैंडल. पाँच सेकंड खड़ी रहिए, फिर ले जाइए कुत्ते को."

बाईने नवऱ्याला फोन लावला, नवऱ्याने पोलिसांना. पोलीस आला तेव्हा डॉक्टर त्यालाही म्हणाले, "जूते उतारो." गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस तेच चाललं होतं. पण बाई परत दुपारी कुत्रं घेऊन निघाली नाही.

पहिल्या वर्षी फाटकावर चार, पाच, फार तर सहा असा आकडा असायचा. पुढच्या उन्हाळ्यात आठ-नऊ झाला. मग बारा. मग वीस. मी रोज दूध आणायला जाताना वाचायचे. अक्षरं मला सावकाश लागतात, आकडे पटकन लागतात. लोक म्हणायला लागले की डॉक्टरांचा पाय मुरला. समोरचा मिठाईवाला हात जोडून म्हणायचा, "डॉक्टर साब तो सिद्ध हो गए." आमचे हे म्हणायचे ही साधना आहे. आणि नियम तोच होता, दहाच्या आत बांधा. आकडा दहाच्या आत यायचा बंद झाला, तशी लोकांनी कुत्री बांधायची बंद केली.

सहाव्या वर्षी मे महिन्यात एक दिवस फाटकावर पस्तीस लिहिलेलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक प्रेसवाली बसायची. लिंबाखाली टेबल, त्यावर कोळशाची इस्त्री, टेबलाखाली तिची भूरी. भूरी म्हणजे रस्त्यावरचीच कुत्री, मातकट रंगाची, एक कान दुमडलेला. प्रेसवालीचा नवरा गावी पडून होता. ही एकटी टेबलामागच्या खोपट्यात झोपायची, आणि भूरी आडवी दारात. दोनदा कुणी आत शिरायला बघितलं, दोन्ही वेळा त्याच्या पोटरीचा तुकडा भूरीकडे राहिला. प्रेसवाली मला म्हणाली होती, "अम्माजी, मेरा दरवाज़ा नहीं है, भूरी है."

त्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे हातगाडीवर घालून नव्या सेक्टरमध्ये पोचवायला गेली. दुपारची वेळ, रस्ता नवा काळाभोर. भूरी गाडीमागे चालत गेली आणि चालत आली. परत आल्यावर टेबलाखाली पडली ती उठेचना. प्रेसवालीने तिला कपड्यांच्या गाठोड्यासारखं उचलून डॉक्टरांच्या दारात आणलं. मी जिन्यात गहू निवडत होते.

मी आयुष्यात कमी बघितलेलं नाही. बाळंतपणं केली आहेत, मढी धुतली आहेत. पण त्या पुढच्या दोन पायांकडे बघून माझ्या हातातलं सूप सुटलं. तळव्याचं कातडं मोज्यासारखं निघून लोंबत होतं. आत लाल मांस, आणि त्यात रस्त्याची खडी.

"डॉक्टर साब, गेट पे तो पैंतीस लिखा था," प्रेसवाली एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मैंने देख के छोड़ा था. पैंतीस लिखा था."

डॉक्टर ऐकत नव्हते. ते पाय बघत होते.

मग त्यांनी तिला समजावलं, आणि मीही तेव्हाच समजून घेतलं. कुत्र्याच्या पायाखाली चार बोटांच्या चार लहान गाद्या असतात आणि मध्ये एक मोठी. सगळा भार त्या मोठीवर. ते कातडं अंगावर दुसरीकडे कुठेही येत नाही. मांडीचं कातडं तिथे लावलं तर दोन दिवसांत झिजून फाटतं. एक पाय गेला तर कुत्रं तीन पायांवर जगतं. इथे जास्त भार घेणारे पुढचे दोन्ही गेले होते, मागचे तेवढे वाचले होते. गाद्या परत बनल्या नाहीत तर इंजेक्शन देऊन झोपवायचं, तिसरा रस्ता नाही.

"बना दोगे?" प्रेसवालीने विचारलं.

"सिलना आसान है," डॉक्टर म्हणाले. "पाँव बना दूँगा. पर उसमें एहसास आना चाहिए. जिसको लगता नहीं, वो पाँव नहीं, लकड़ी है."

ऑपरेशनला मी होते. भूल देणारी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली होती, ती कुत्रीच्या छातीवरून नजर हलवत नव्हती. पाय धरायला कुणी नव्हतं. मला खालून हाक आली, "वहिनी, तुमचा हात थरथरतो का?" मी म्हटलं नाही. "मग हात कोपरापर्यंत धुऊन या."

डाव्या पायाची बोटं वाचली होती. डॉक्टरांनी एका बोटाला मागून चीर दिली आणि आतलं हाड काढलं. खजुरातून बी काढावी तसं. नखासकट. मग ते रिकामं बोट मागे दुमडलं आणि बोटाची गादी मोठ्या गादीच्या जागी आणून शिवली. मी बघतच राहिले. बोटाचा तळवा केला या माणसाने. आणि तोंडाने काय चाललंय, तर गावाकडे शेंगदाण्याची चटणी कशी कुटतात ते. हात मात्र इकडचा तिकडे होत नव्हता.

उजव्या पायाला घ्यायला बोटच नव्हतं, तिथे सगळंच जळलेलं. तो पाय पंधरा दिवस नुसता धुऊन बांधून ठेवला. आतली जखम डाळिंबासारखी लाल आणि दाणेदार झाली तेव्हा डॉक्टर खूश झाले. "जमीन तयार झाली." मागच्या एका पायाच्या गाद्यांतून त्यांनी तुरीच्या डाळीएवढे तुकडे काढले आणि जखमेत बारीक खड्डे करून एकेक तुकडा बसवला, मिरचीची रोपं लावतात तसे. ते धरले की हळूहळू पसरून एक होतात. "आठ दिवस हलवायचं नाही, भिजवायचं नाही, चाटू द्यायचं नाही." भूरीच्या गळ्यात तळ कापलेली प्लास्टिकची बादली अडकवली, तोंड पायापर्यंत पोचू नये म्हणून.

चौथ्या दिवशी डॉक्टरांना दिल्लीला पेन्शनच्या कामासाठी जावं लागलं. मला म्हणाले, "बसा तिच्याजवळ. काही करू नका. नुसतं बसायचं."

मी नुसती बसणारी बाई नाही. तिथे चूक झाली.

भूरी धापा टाकत होती. बादलीमुळे तिला पाणी पिता येईना, म्हणून मी बादली काढली. ती पाणी प्यायली आणि पडून राहिली. मागचा एक पाय उघडा होता, त्याला हात लावला तर तव्यासारखा गरम. आमच्याकडे अंगात उष्णता शिरली की काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासतात. वाटीला काळं येतं, डोळे थंड होतात, माणूस झोपतो. माझ्या आईने मला केलं, मी मुलाला केलं. मी वरून वाटी आणि तूप आणलं आणि भूरीचा तो एक उघडा पाय घासला. ती खरंच शांत झाली. वर माझ्या कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या. दोन झाल्या, तिसरी झाली. डाळ करपेल म्हणून मी उठले. उठताना भूरीच्या पुढच्या पट्ट्या नीट आहेत ना, म्हणून दाबून बघितल्या. त्याच हाताने.

गॅस बंद करून खाली यायला मला किती वेळ लागला असेल? गुडघे दुखतात, जिना सावकाश उतरते. आले तर उजव्या पायाची पट्टी फाडून पसरलेली, आणि भूरी जीभ ओठांवरून फिरवतेय. पायात खड्डे होते. तुकडे नव्हते.

तुपाच्या वासाने तिने स्वतःचा पाय खाल्ला होता.

डॉक्टर चारच्या सुमारास आले. मी दारातच सगळं सांगितलं. मी खोटं बोलत नाही, लक्षात कोण ठेवणार. त्यांनी पट्टी उचलून वास घेतला. भूरीचा पाय बघितला, धुतला, बांधला, बादली घातली. मला वाटलं आता घर सोडा म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी सोडलं असतं.

मग स्टूलवर बसले. "काशाची वाटी म्हणालात? आणा बघू. दाखवा कसं करता."

चिडले आहेत की काय, काही कळेना. मी वाटी आणली. त्यांनी आपला उजवा पाय डाव्या मांडीवर ठेवला, वाटीला तूप लावलं आणि स्वतःचा तळवा घासायला लागले. "असं? गोल गोल?"

"जरा दाबून."

"आमच्या घरीही करायचे. वाटीला काळं येतं ते उष्णतेचं नाही, वहिनी. ते काशाचं आहे. तूप आणि घाम लागला की काळं येतं. शास्त्र असं आहे की—"

ते शास्त्र सांगत राहिले, घासत राहिले. तळवा त्यांना दिसत नव्हता, माझ्या बाजूला होता. मी वाटीकडे बघत होते. काळं येईल म्हणून बघत होते. वाटी लाल झाली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "थांबा."

"दोन मिनिटं तरी घासायचं ना?"

"डॉक्टर, पायात लोखंड आहे."

आमच्या मागच्या गल्लीत लेथची दुकानं होती. लोखंड कातलं की वळलेल्या कपच्या पडतात, धार असते त्यांना. तसली एक बोटाच्या पेराएवढी कपची त्यांच्या तळव्यात उभी रुतलेली होती. आजची नव्हती. भोवती मांस काळं झालं होतं. टाचेखाली भोक होतं, जुन्या रुपयाएवढं, आणि बाकी सगळा तळवा भाजल्याच्या फोडांनी भरलेला, फोडांवर फोड. त्यावरून हा माणूस काशाची वाटी घासत होता आणि चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती.

त्यांनी पाय वाकवून बघितला. सहा वर्षांत त्या माणसाला स्वतःचा तळवा बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. चिमटा घेतला आणि कपची ओढून काढली. काढतानाही काही नाही. मग सुईने टोचलं. इथे टोचलं, तिथे टोचलं. डोळे मिटून टोचलं. दुसऱ्या पायालाही.

खिशातून गुळाचा खडा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि टेबलावर ठेवून दिला. "रक्तातली साखर," म्हणाले. "नसा गेल्या. कधी गेल्या कळलं नाही."



"वहिनी, पहिल्या वर्षी फाटकावर किती असायचं?"

"चार. पाच."

"आणि ती भाजली त्या दिवशी?"

त्यांना ठाऊक होतं. प्रेसवालीने त्यांच्या दारात उभं राहून दहा वेळा सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं नव्हतं, ते त्यांना आत्ता ऐकू आलं. माणूस पांढराफटक पडला. मला वाटलं स्टूलवरून खाली येतो आता.

ते उठले, पायाला फडकं गुंडाळलं आणि तसेच प्रेसवालीकडे गेले. मी मागोमाग गेले, वाटेत पडले तर उचलायला कुणीतरी हवं. ती कॉलर दाबत होती.

"सुनो," डॉक्टर म्हणाले. "वो नंबर ग़लत था. मेरे पाँव मर चुके हैं. मुझे पता नहीं चलता. मैं कितनी भी देर खड़ा रह सकता हूँ. भूरी मेरी वजह से जली."

तिने इस्त्री उभी ठेवली. कोळसा आत फुटत होता.

"पता है, डॉक्टर साब."

"क्या पता है?"

"मई में पैंतीस कौन खड़ा होता है? मेरी चप्पल टूटी थी उस दिन, मेरा ही पाँव जल रहा था. पर आपने लिखा था. मैंने सोचा, कुत्ते का कुछ और हिसाब होगा. आप पढ़े-लिखे हो."

मला डॉक्टरांहून जास्त हादरा बसला होता. गल्लीत सगळ्यांना पाय होते. मिठाईवाल्याला होते, ह्यांना होते, मला होते. मी गच्चीवर वाळवणं घालायला अनवाणी जायचे आणि दोन उड्यांत सावलीत यायचे. आणि दूध आणायला जाताना फाटकावर पस्तीस वाचून मनात म्हणायचे, वा, साधना आहे.

त्या रात्रीपासून आमचे हे त्यांच्या मागे लागले की दवाखान्यात चला. येईनात. भूरीचा पाय पुन्हा डाळिंबासारखा व्हायला तीन आठवडे लागणार होते. "मला आडवं केलं तर तिला कोण शिवणार?" मी तोंडावर सांगितलं, हा मूर्खपणा आहे, मोठेपणा नाही. ते म्हणाले, "कबूल."

तीन आठवड्यांनी मागच्या दुसऱ्या पायातून तुकडे काढून पुन्हा लावले. या वेळी डॉक्टर स्टूलवर बसून, पाय खुर्चीवर ठेवून. खोलीत फिनाइलच्या वर त्यांच्या पायाचा वास येत होता. भूल देणारी विद्यार्थिनी कुत्रीचा श्वास मोजता मोजता रडत होती. मी तिला म्हटलं, "रडायचं तर बाहेर जा, इथे पाणी नको." मी पुढचे आठ दिवस भूरीजवळ नुसती बसले. कशालाही हात लावला नाही.

पट्टी सोडली तेव्हा अकरा तुकड्यांपैकी नऊ धरले होते. त्याच दुपारी डॉक्टर दवाखान्यात भरती झाले. तिथे त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापला. तरुण सर्जनला ते म्हणे विचारत होते की एखाद्या बोटाचं हाड काढून टाच करता येणार नाही का, आपण चित्र काढून देतो. तो हसला. डॉक्टर चेष्टा करत नव्हते.

कुबडी घेऊन परत आले. बायको पुण्याहून येऊन महिनाभर राहून गेली. गूळ बंद झाला, खिशात नुसते शेंगदाणे. फाटकावरचा आकडा त्यांनी ओल्या फडक्याने पुसला आणि त्या वर्षी पुन्हा काही लिहिलं नाही. भूरी थंडीत चालायला लागली. चाल विचित्र, पुढून जरा कुदल्यासारखी, पण चारही पायांवर. पुन्हा खोपट्याच्या दारात आडवी झोपायला लागली. प्रेसवाली खूश होती. डॉक्टर नव्हते. रोज भूरीला बोलवायचे, नवे तळवे दाबून बघायचे, काडीने टोचायचे. भूरी शेपूट हलवत बसायची. "लाकूड," ते म्हणायचे. "लाकडाचे पाय बनवले मी. उद्या पुन्हा जळतील आणि हिला कळणार नाही."

एप्रिलमध्ये एक दिवस दुपारी खालून हाक आली. "वहिनी! खाली या."

मी गेले. ते फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर घड्याळ, हातात खडू. शेजारी सावलीत भूरी.

"चपला काढा," म्हणाले.

मी काढल्या आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. या वयात, भर दुपारी, मिठाईवाला बघत असताना. त्यांनी मोजायला सुरुवात केली. पाच म्हणायच्या आत मी शिव्या देत सावलीत आले.

मी उड्या मारत आले हे बघून भूरीला वाटलं खेळ आहे. ती उठली आणि रस्त्याकडे निघाली. डॉक्टरांनी कुबडी आडवी घालायला उचलली, पण ती पोचायच्या आत भूरीने पुढचा उजवा पाय डांबरावर ठेवला. मी तूप लावलेला, तिने खाल्लेला, दोनदा लावणी केलेला पाय.

ठेवला आणि कुईं करून झटकन वर घेतला. तीन पायांवर उभी राहून तो पाय चाटायला लागली.

"भाजलं!" डॉक्टर एवढ्या मोठ्याने ओरडले की वरून हे गॅलरीत आले. "भाजलं तिला! वहिनी, भाजलं! लगा उसको! गरम लगा!"

प्रेसवाली इस्त्री टाकून धावत आली, मिठाईवाला पाण्याची बादली घेऊन आला. कुणाला काही कळेना की एवढा भाजल्याचा आनंद कसला. डॉक्टर कुबडीवर उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ते आवडलं नाही, मी दुसरीकडे बघितलं.

मग त्यांनी खडू घेतला. वर्षभराने फाटकावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, हिंदीत, सगळ्यांना वाचता यावं असं. मी सावकाश लावून वाचलं.

अम्माजी ४. भूरी १. मेरा मत पूछो.